दहा खासदार आणि पाचशे किलोमीटरची सीमा : ब्रिटनची २०१७ ची निवडणूक

१/ १८ एप्रिल २०१७. ईस्टरची सुट्टी संपवून लंडन नुकतेच कामाला लागले होते. सकाळी अकरा वाजून गेल्यावर पंतप्रधान थेरेसा मे आपल्या निवासस्थानाबाहेर आल्या आणि त्यांनी मुदतपूर्व सार्वत्रिक निवडणुकीची घोषणा केली. पुढच्या निवडणुकीला तीन वर्षे अवकाश होता, संसदेत बहुमत होते आणि विरोधक दुबळे दिसत होते. सात आठवड्यांनी निकाल लागला, तेव्हा ते बहुमत नाहीसे झाले होते.

२/ युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याची बोलणी सुरू होण्याच्या तोंडावर, त्या बोलण्यांत आपला हात बळकट व्हावा, या हेतूने ही निवडणूक घेतली गेली. प्रत्यक्षात तिने सरकारच्या नाड्या उत्तर आयर्लंडमधील एका छोट्या पक्षाच्या दहा खासदारांच्या हाती दिल्या. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या धाग्यात क्रमाने पाहू. पुढे या कथेत कोकणातील एका गावाचेही नाव येणार आहे.

३/ थोडी पूर्वपीठिका. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क हे तीन देश एकाच दिवशी युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, ब्रिटनमध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी समुदायात राहण्याचा कौल दिला. वाद मात्र मिटला नाही. समुदायाचा महासंघ झाला, त्याचे अधिकार वाढत गेले, आणि हुजूर पक्षातील अंतर्गत फूटही त्याबरोबर रुंदावत गेली.

४/ ही फूट कायमची मिटवावी, म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत घेतले. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. कॅमेरॉन पायउतार झाले. या निकालाचा भूगोल मात्र लक्षात ठेवावा लागेल : इंग्लंड आणि वेल्स यांनी बाहेरचा रस्ता निवडला, तर स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मतदारांनी महासंघातच राहण्याला पसंती दिली.

५/ जुलै २०१६ मध्ये थेरेसा मे पंतप्रधान झाल्या. त्यांनी स्वतः सार्वमतात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. आता बाहेर पडण्याचे काम त्यांच्याकडे आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, संसदेच्या संमतीशिवाय सरकारला ही प्रक्रिया सुरू करता येणार नाही. संसदेने कायदा केला आणि २९ मार्च २०१७ रोजी लिस्बन करारातील कलम ५० खालील पत्र ब्रुसेल्समध्ये सुपूर्द झाले.

६/ कलम ५० ची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे राजकारण कळत नाही. पत्र दिल्यापासून दोन वर्षांत करार झाला तर उत्तम. न झाला तर सभासदत्व आपोआप संपते. मुदत वाढवायची असेल, तर उरलेल्या सर्व सभासद देशांचे एकमत लागते. म्हणजे पत्र दिल्याच्या क्षणापासून वेळ हा बाहेर पडणाऱ्या देशाच्या विरुद्ध धावू लागतो. मे यांच्यासमोर तारीख होती २९ मार्च २०१९.

७/ मग पत्र देऊन तीन आठवडेही झाले नसताना निवडणूक कशासाठी? मे यांचा युक्तिवाद असा : नियोजित निवडणूक २०२० मध्ये आहे, बोलणी सर्वांत नाजूक टप्प्यावर येतील, तेव्हाच ती जवळ आलेली असेल, विरोधक त्याचा फायदा घेतील. शिवाय त्यांचे व्यवहारातले बहुमत अवघे १७ होते. स्वपक्षातील मूठभर बंडखोरही कोणताही करार पाडू शकत होते. जनमत चाचण्या मजूर पक्षावर सुमारे २० टक्क्यांची आघाडी दाखवत होत्या. संधी समोर होती.

८/ संसद मुदतीआधी विसर्जित करण्यासाठी २०११ च्या कायद्यानुसार दोन तृतीयांश सभासदांची संमती आवश्यक होती. मजूर पक्षाने विरोध केला नाही. १९ एप्रिल रोजी ठराव ५२२ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला आणि ८ जून ही मतदानाची तारीख ठरली. ‘मजबूत आणि स्थिर नेतृत्व’ हे हुजूर पक्षाचे घोषवाक्य होते. ब्रुसेल्समध्ये आपल्या वतीने कोण बोलणार, या एकाच प्रश्नावर मत मागायचे, असा बेत होता.

९/ असा बेत पूर्वीही एकदा फसला होता. ब्रिटनला युरोपीय समुदायात नेणारे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये, खाणकामगारांच्या संपाच्या काळात, देशावर राज्य कोणाचे, हा प्रश्न विचारत मुदतपूर्व निवडणूक घेतली. त्यांच्या पक्षाला मते जास्त मिळाली, पण जागा २९७. मजूर पक्षाला ३०१. उत्तर आयर्लंडमधील १२ पैकी ११ जागा हीथ यांच्या आयरिश धोरणावर संतापलेल्या युनियनिस्टांनी जिंकल्या आणि जुन्या मित्रांची साथ हीथना मिळाली नाही. सरकार गेले.

१०/ २०१७ मध्येही मतदारांनी प्रश्नपत्रिका बदलली. मजूर पक्षाने सार्वमताचा कौल आपल्या जाहीरनाम्यात मान्य केला आणि ब्रेक्झिटच्या मुद्द्यावरील धार बोथट केली. मग त्याचे नेते जेरेमी कॉर्बिन विद्यापीठांचे शुल्क, आरोग्यसेवा, रेल्वे आणि वेतन यांवर बोलू लागले. हुजूर पक्षाने १८ मे रोजी जाहीरनामा प्रसिद्ध केला. वृद्धांना घरी मिळणाऱ्या देखभालीचा खर्च ठरवताना त्यांच्या राहत्या घराची किंमतही हिशेबात धरण्याची तरतूद त्यात होती. मालमत्तेतील एक लाख पौंड तेवढे सुरक्षित राहणार होते.

११/ म्हातारपणी आजार जडला तर मुलाबाळांसाठी राखलेले घर जाणार, अशी भीती पसरली. चारच दिवसांत मे यांनी खर्चावर कमाल मर्यादा घालण्याचे जाहीर केले आणि त्याच वेळी काहीही बदललेले नाही, असेही ठासून सांगितले. ‘मजबूत आणि स्थिर’ या शब्दांवर उभ्या असलेल्या प्रचाराला हा घाव वर्मी लागला. त्याच रात्री, २२ मे रोजी, मँचेस्टरमध्ये संगीत कार्यक्रमानंतर झालेल्या आत्मघाती स्फोटात २२ जण ठार झाले. ३ जूनला लंडन ब्रिजवरील हल्ल्यात आठ बळी गेले.

१२/ दोन्ही वेळा प्रचार थांबवण्यात आला. तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा चर्चा पोलिसांच्या संख्येवर आली. मे या २०१० पासून सहा वर्षे गृहमंत्री होत्या आणि त्या काळात इंग्लंड व वेल्समधील पोलिसांची संख्या सुमारे २० हजारांनी घटली होती. ब्रेक्झिटसाठी घेतलेल्या निवडणुकीत ब्रेक्झिट मागे पडत गेले. आयर्लंडच्या सीमेला तर प्रचारात नाममात्रच जागा मिळाली.

१३/ ८ जूनच्या रात्री दहा वाजता मतदानोत्तर चाचणीने त्रिशंकू संसदेचे भाकीत केले आणि पहाटेपर्यंत ते खरे ठरले. ६५० पैकी हुजूर ३१७, मजूर २६२, स्कॉटिश नॅशनल पार्टी ३५, लिबरल डेमोक्रॅट्स १२, डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी म्हणजे डीयूपी १०, शिन फेन ७. बहुमतासाठी ३२६ हवे होते. गंमत अशी की, हुजूर पक्षाची मते साडेपाच टक्क्यांनी वाढून ४२ टक्क्यांच्या पुढे गेली होती. पण मजूर पक्षही ४० टक्क्यांवर पोहोचला होता.

१४/ मतांची ही फेररचना बोलकी आहे. बाहेर पडण्याचा जोरदार कौल देणारे मॅन्सफील्ड हे खाणकामगारांचे शहर मजूर पक्षाने १९२० च्या दशकापासून राखले होते; ते हुजूर पक्षाकडे गेले. उलट विद्यापीठांचे गाव असलेले कँटरबरी मजूर पक्षाने प्रथमच जिंकले. लंडनमधील श्रीमंत केन्सिंग्टन तर अवघ्या २० मतांनी हुजूर पक्षाच्या हातून निसटले. पुढच्या काळात जे मोठे स्थित्यंतर घडणार होते, त्याच्या खुणा इथे दिसतात.

१५/ आता बेरजेकडे वळू. ३१७ अधिक १० म्हणजे ३२७. डीयूपीखेरीज ही बेरीज जुळवणारा मित्र हुजूर पक्षाला नव्हता. २६ जून रोजी समझोता झाला : विश्वासमत, अर्थसंकल्प आणि ब्रेक्झिटच्या कायद्यांवर डीयूपी सरकारला साथ देईल, उत्तर आयर्लंडसाठी एक अब्ज पौंडांचा जादा निधी मिळेल. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराला विरोध केलेला आणि सार्वमतात बाहेर पडण्याचा प्रचार केलेला हा पक्ष आता सरकारचा आधार झाला.

१६/ इथे प्रतिनिधित्वाचा एक पेच लक्षात घ्या. उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य मतदारांनी महासंघात राहण्याचा कौल दिला होता. पण तेथील १८ जागांपैकी १० डीयूपीकडे, ७ शिन फेनकडे आणि एक अपक्षाकडे गेली. शिन फेनचे सभासद तत्त्व म्हणून वेस्टमिन्स्टरमध्ये आसन ग्रहण करत नाहीत. बेलफास्टचे प्रांतिक सरकार जानेवारी २०१७ मध्येच कोसळले होते. परिणामी, ५५.८ टक्क्यांच्या बाजूने लंडनच्या सभागृहात बोलणारा आवाज जवळजवळ एकच उरला, तो त्या अपक्ष सभासदाचा.

१७/ आणि ती सीमा? आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधील सुमारे ५०० किलोमीटरची ही रेषा १९२१ च्या फाळणीची निर्मिती. तिच्यावरून दोनशेहून अधिक रस्ते जातात. काही ठिकाणी ती शेतांमधून जाते. संघर्षाच्या तीन दशकांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि सीमेवरचे जकात नाके व लष्करी मनोरे हल्ल्यांचे लक्ष्य होते. पुढे युरोपची एकल बाजारपेठ आणि गुड फ्रायडे करार यांमुळे ही ठाणी गेली. आज वेगमर्यादेच्या पाट्यांवर मैलांऐवजी किलोमीटर दिसले की देश बदलल्याचे कळते.

१८/ ब्रिटन एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडणार, म्हणजे हीच रेषा महासंघाची बाह्य सीमा होणार. मालाची तपासणी कुठेतरी करावीच लागणार. ती जमिनीवर केली, तर जुने नाके परत येणार आणि त्यांबरोबर जुना हिंसाचार परतण्याचे भय. ती दोन बेटांमधल्या समुद्रात केली, तर ब्रिटनचेच दोन तुकडे पडल्यासारखे होणार. आणि काहीच करायचे नसेल, तर संपूर्ण ब्रिटनने महासंघाचे नियम पाळत राहायचे. चौथा मार्ग कोणालाही सापडला नाही.

१९/ ब्रिटन प्रचारात गुंतलेला असताना उरलेल्या २७ देशांनी, २९ एप्रिल रोजी, बोलण्यांचा क्रम ठरवून टाकला : आधी नागरिकांचे हक्क, आर्थिक देणी आणि आयरिश सीमा, व्यापाराचे नंतर. १९ जूनला बोलणी सुरू झाली, तेव्हा कलम ५० च्या मुदतीतले ८२ दिवस उलटले होते. समोर मिशेल बार्निए तयारीनिशी बसले होते, आणि ब्रिटनने पहिल्याच दिवशी तो क्रम स्वीकारला.

२०/ याच आठवड्यांत डब्लिनमध्येही सत्तांतर झाले. १४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, पेशाने डॉक्टर, आई आयरिश. मराठी वृत्तपत्रांनी या निवडीचे कौतुकाने स्वागत केले. पण त्यांच्या वाट्याला आलेला प्रश्न कठीण होता : सीमेवर पुन्हा नाके उभे राहणार नाहीत, याची लेखी हमी ब्रिटनकडून मिळवणे. त्यांच्या पाठीशी इतर २६ देश उभे राहिले. लहान देशाला संघातील सभासदत्वाने काय मिळते, याचा हा धडा होता.

२१/ ४ डिसेंबर २०१७. मे ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर भोजनाला बसल्या होत्या. मसुदा तयार होता. उत्तर आयर्लंडचे नियम आयर्लंडशी सुसंगत राहतील, असा त्यातला आशय. मसुद्याची बातमी फुटली, डीयूपीच्या नेत्या आर्लीन फॉस्टर यांनी तो नाकारला आणि मे यांना करार न करताच परतावे लागले. चार दिवसांनी सुधारित मजकुरावर तडजोड झाली. जूनमधल्या त्या बेरजेचा अर्थ त्या दुपारी साऱ्या युरोपला कळला.

२२/ पुढे ‘बॅकस्टॉप’ ही तरतूद आली : दुसरा उपाय सापडेपर्यंत संपूर्ण ब्रिटन सीमाशुल्काच्या सामाईक व्यवस्थेत राहील. डीयूपीने ती नाकारली. हुजूर पक्षातील कडव्या ब्रेक्झिटवाद्यांनीही. १५ जानेवारी २०१९ रोजी करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्यांत हुजूर पक्षाचे ११८ सभासद होते. ब्रिटिश संसदेच्या इतिहासातील सरकारचा हा सर्वांत मोठा पराभव. मार्चमध्ये आणखी दोन पराभव झाले. २९ मार्च उजाडला आणि मावळला. ब्रिटन महासंघातच होता. मे यांनी २४ मे रोजी पायउतार होण्याचे जाहीर केले.

२३/ बोरिस जॉन्सन जुलैमध्ये पंतप्रधान झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडच्या वायव्येस त्यांची वराडकर यांच्याशी भेट झाली आणि आठवडाभरात नवा करार तयार झाला. त्यात तपासणीची रेषा समुद्रात सरकली होती. म्हणजे डीयूपीला सर्वाधिक नकोसा असलेला पर्याय. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाने ३६५ जागा आणि ८० चे बहुमत मिळवले. आता दहा खासदारांची गरज उरली नव्हती. डिसेंबरच्या अखेरीस वराडकर वराडला जाऊन आले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला.

२४/ एक आकडा मात्र विचारात पाडतो. मे यांना २०१७ मध्ये मिळालेली मते ४२ टक्क्यांच्या पुढे; जॉन्सन यांना २०१९ मध्ये ४३.६ टक्के. फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा. बदलले होते ते समोरचे चित्र : मजूर पक्ष ४० वरून ३२ टक्क्यांवर घसरला होता. म्हणून मे यांचा पराभव केवळ त्यांच्या कमकुवत प्रचारावर ढकलणे अपुरे ठरते. एका मतदारसंघात एक विजेता निवडणाऱ्या पद्धतीत, जवळपास सारखाच जनाधार कधी सरकार पंगू करतो, तर कधी त्याला निरंकुश करतो.

२५/ किंमत कोणी मोजली? समुद्रातील रेषेचा निषेध म्हणून डीयूपीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलफास्टच्या सरकारातून अंग काढून घेतले. २०२३ च्या विंडसर आराखड्याने तपासण्या सौम्य केल्या, तरी प्रांतिक सरकार पुन्हा उभे राहायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. दरम्यान दवाखान्यांतील प्रतीक्षायाद्या वाढत राहिल्या आणि निर्णय घ्यायला मंत्री नव्हते. जमिनीवरची सीमा मात्र उघडीच राहिली. नाके परतले नाहीत, आणि शांततेच्या दृष्टीने तीच मोठी मिळकत होती.

२६/ सार्वमताने ‘बाहेर पडायचे का’ एवढेच विचारले होते. ‘कसे’ हे विचारलेच नव्हते. २०१७ ची निवडणूक ते ‘कसे’ आपल्याला हवे तसे ठरवण्याचा अधिकार मागण्यासाठी होती. मतदारांनी तो दिला नाही, आणि ‘कसे’ ठरवण्याचे काम तेथून निघून बेरजेच्या राजकारणाकडे गेले. संघातून बाहेर पडणाऱ्या देशाला आपल्या जुन्या सीमा पुन्हा मोजाव्या लागतात. २०१७ च्या प्रचारात ज्या सीमेकडे फारसे कोणी पाहिले नाही, तिनेच पुढची तीन वर्षे लंडनचे राजकारण चालवले.

धागा समाप्त. १९७४ ची हीथ यांची निवडणूक आणि १९२१ ची आयर्लंडची फाळणी हे दोन्ही विषय स्वतंत्र धाग्याचे आहेत. त्यांपैकी आधी कोणता वाचायला आवडेल, ते जरूर कळवा.